शेजाऱ्याच्या शिवारातून येणारा वायू
(व्याख्यानाचा मजकूर)



पाट ज्याच्या शेतातून येतो, त्याच्याशी वैर धरून पाणी मिळत नाही, हे आपणांपैकी प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, तो वरवर यंत्रज्ञांचा वाटेल. परंतु त्याचे मर्म या पाटाच्या व्यवहारातच आहे. तो विषय म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नैसर्गिक वायू नेणारी वाहिनी.

वायू नेण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली रीत म्हणजे वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावयाचा. असे केल्याने त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते व तो जहाजाने नेता येतो. दहेज व दाभोळ येथे असा द्रव वायू उतरतो. दुसरी रीत वाहिनीची. पोलादी नळ एकमेकांस जोडतात, प्रत्येक सांधा तपासतात, गंज चढू नये म्हणून नळांवर लेप देतात आणि ते जमिनीत पुरतात. वायू दाबाने पुढे सरकतो आणि वाटेत दाब कमी होतो, म्हणून ठरावीक अंतरांवर तो वाढविणारी केंद्रे उभारावी लागतात. हे सारे काम कष्टाचे असले, तरी मनुष्यास साध्य झालेले आहे. खरी अडचण निराळीच आहे. जहाजास वाट बदलता येते. पुरलेल्या नळास ती बदलता येत नाही.

तुर्कमेनिस्तानचेच उदाहरण घ्या. तेथील गालकिनिश हे जगातील अतिविशाल वायुक्षेत्रांपैकी एक होय. परंतु त्या देशास महासागराचा किनारा नाही. तेथून अफगाणिस्तानातील हेरात व कंदाहार, पाकिस्तानातील क्वेट्टा व मुलतान या मार्गाने पंजाबातील फाझिल्कापर्यंत सुमारे 1,814 किलोमीटरची वाहिनी टाकण्याची योजना आहे. वर्षाला 33 अब्ज घनमीटर वायू वाहून नेण्याची तिची क्षमता राहील. डिसेंबर 2010 मध्ये अश्गाबात येथे चारही देशांनी करार केला. 13 डिसेंबर 2015 रोजी कामाचा आरंभ झाला. सप्टेंबर 2024 मध्ये अफगाण भूमीवर हेरातच्या दिशेने काम सुरू झाले. फाझिल्कास मात्र अद्याप वायू पोहोचलेला नाही. युद्ध, सत्तांतर, दोन शेजाऱ्यांमधील अविश्वास आणि त्यामुळे भांडवल गुंतविण्यास वाटणारी धास्ती, ही या विलंबाची कारणे होत.

वाहिनी पूर्ण झाली म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. अल्जीरियाचा वायू मोरोक्कोतून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीखालून स्पेनला नेणारी वाहिनी 1996 साली सुरू झाली आणि तिने पंचवीस वर्षे चोख काम केले. ऑगस्ट 2021 मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. 31 ऑक्टोबर रोजी कराराची मुदत संपली, ती वाढविण्यात आली नाही आणि वायू थांबला. नळ शाबूत होते. तुटला होता तो विश्वास. पुढे 2022 साली त्याच नळातून उलट दिशेने, स्पेनकडून मोरोक्कोस वायू येऊ लागला. यावरून बोध असा की, वाहिनी पोलादाची असली, तरी ती उभी राहते शब्दावर. म्हणूनच वायूचा दर, मधल्या देशाचे मार्गशुल्क, तंटा झाल्यास लवाद आणि पुरवठा खंडित झाल्यास भरपाई या गोष्टी नळ पुरण्यापूर्वी लेखी ठरल्या पाहिजेत. मधल्या देशासही त्या वायूचा वाटा मिळाला, तर वाहिनी राखणे हे त्याच्याही हिताचे ठरते.

जे दोन देशांना लागू, तेच गावालाही लागू आहे. हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनी गुजरात व मध्य प्रदेशातील, तर दाभोळ–बंगळूरू वाहिनी बेळगाव जिल्ह्यातील शेतांखालून गेलेली आहे. अशा वाहिन्यांसाठी 1962 चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते; शासन घेते तो केवळ वापराचा हक्क. त्या पट्ट्यात पीक घेता येते. मात्र घर बांधणे, विहीर खणणे वा झाड लावणे यांस मनाई आहे. अधिसूचनेनंतर 21 दिवसांच्या आत हरकत नोंदविता येते. पिकाच्या व इतर नुकसानीची भरपाई मिळते, शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. भरपाईचा निर्णय मान्य नसल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे की, ही माहिती नळ येण्यापूर्वी गावच्या चावडीवर वाचून दाखवावी. शिक्षकांनी अधिसूचनेचा अर्थ ग्रामस्थांस सोप्या भाषेत समजावून द्यावा. ज्यास आपला हक्क ठाऊक आहे व ज्याची भरपाई वेळेवर हाती पडली आहे, तो शेतकरी त्या नळाचा राखणदार होतो. ज्यास अंधारात ठेवले जाते, त्याच्या मनात अढी बसते. राष्ट्रांचेही याहून वेगळे नाही.