कार्यालयातील बिनतारी जाळे : यंत्रे थोडी, योजना नेटकी



कचेरीच्या खिडकीपाशी दाखल्यासाठी उभा राहिलेला माणूस पुष्कळदा एका दिवसाची रोजी बुडवून आलेला असतो. ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा त्याचा हक्क आहे, असे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ सांगतो. पूर्वी त्याचे काम फायलीवर अवलंबून असे. आज ते संगणकाच्या जाळ्यावर अवलंबून असते. जाळे थांबले की खिडकीमागील लिपिक हतबल होतो आणि खिडकीपुढील माणूस रिकाम्या हाताने परततो. म्हणून कार्यालयातील वायफायची मांडणी हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहिलेला नाही. तो लोकसेवेचाही विषय झाला आहे.

‘रेंज मिळत नाही’ अशी तक्रार आली की आणखी एक यंत्र बसवावे, हा सर्वसाधारण रिवाज. पण दोनाची चार यंत्रे झाली तरी तक्रार कायम राहते. किंबहुना कधी कधी ती वाढते. याचे कारण असे की बिनतारी यंत्र नवी हवा निर्माण करीत नाही. सर्व यंत्रांना एकाच हवेतून, आळीपाळीने बोलावे लागते.

ही अडचण या तंत्राइतकीच जुनी आहे. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरील ठाणी रेडिओलहरींनी संगणकाशी जोडली, तेव्हाच दोन ठाणी एकदम बोलली तर दोघांचाही संदेश वाया जातो, हे ध्यानात घ्यावे लागले. ग्रामसभेत सर्वांनी एकाच वेळी बोलण्यास आरंभ केला तर इतिवृत्त लिहिणाऱ्याची जी अवस्था होते, तीच येथे होते. वायफायमधील प्रत्येक यंत्र म्हणूनच बोलण्यापूर्वी कानोसा घेते आणि दुसरे बोलत असल्यास थांबते.

भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांवरील परवान्याची अट २००५ मध्ये काढण्यात आली. या पट्ट्यात १३ वाहिन्या आहेत. परंतु शेजारच्या दोन वाहिन्यांमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि एका प्रक्षेपणास जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झची. साहजिकच १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींच्या वाटेत न येता वापरता येतात. शेजारच्या यंत्रांना या तीन वाहिन्या आलटून पालटून द्याव्यात. एका यंत्राला १ व दुसऱ्याला ३ क्रमांक दिल्यास त्यांना एकमेकांचे बोलणे उमगत नाही. उरतो तो निव्वळ गोंगाट. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ जागा खुली झाली. तेथे वीसहून अधिक वाहिन्या मिळतात. गर्दीच्या सभागृहासाठी वा शाळेच्या संगणक कक्षासाठी हाच पट्टा श्रेयस्कर होय. मात्र त्याच्या लहरी भिंतीतून जाताना अधिक क्षीण होतात, हे विसरता कामा नये.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. जुन्या कचेऱ्यांच्या दगडी भिंती हातभर जाडीच्या असतात आणि दप्तरखान्यात लोखंडी कपाटांच्या रांगा असतात. दगड लहरी शोषून घेतो, लोखंड त्या परतवितो. म्हणून खरेदीपूर्वी इमारतीचा साधा नकाशा काढावा, एक यंत्र तात्पुरते ठेवून हातात मोबाइल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरावे आणि कोठे संकेत क्षीण होतो त्याच्या खुणा कराव्यात. मोबाइलवरील मोजणीत उणे ६७ डेसिबल-मिलिवॅट किंवा त्याहून बरा आकडा काम करण्याच्या जागी मिळावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. यंत्र छताजवळ, मोकळ्या जागी असावे. कपाटावर वा कोपऱ्यात नसावे. लांबलचक व्हरांड्यात ओळीने यंत्रे टांगली तर ती एकमेकांचेच ऐकत बसतात. ती खोल्यांत असणे बरे. प्रत्येक यंत्राची शक्ती कमाल ठेवण्याचा मोहही टाळावा. यंत्राचा आवाज मोठा असला तरी मोबाइलचा आवाज लहानच असतो. त्याचे उत्तर यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

प्रत्येक यंत्रापर्यंत तार नेणे हा या योजनेचा कणा होय. तारेविना संदेश पुढे ढकलणारे यंत्र तोच संदेश एकदा ऐकते व पुन्हा बोलते. त्यामुळे जाळ्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. नेहमीची जाळ्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि योग्य स्विच असल्यास त्याच केबलमधून यंत्रास वीजही पुरविता येते. असा स्विच यूपीएसवर ठेवला म्हणजे वीज गेली तरी सर्व यंत्रे चालू राहतात.

सर्वांत अधिक घडणारी चूक निराळीच आहे. बाजारातून आणलेला प्रत्येक राउटर आपल्या परीने संगणकांना पत्ते वाटू लागतो. एकाच गावात दोन कार्यालयांनी स्वतंत्रपणे घरक्रमांक दिले तर टपाल जसे चुकेल, तसे येथे होते. पत्ते वाटण्याचे काम एकाच यंत्राकडे ठेवून इतरांतील ती सोय बंद करावी. सर्व यंत्रांना एकच नाव, एकच सांकेतिक शब्द व एकच सुरक्षापद्धती द्यावी, म्हणजे खोली बदलली तरी जोडणी बदलावी लागत नाही. अभ्यागतांसाठी मात्र वेगळे जाळे असावे. कार्यालयाच्या अभिलेखांकडे जाणारी वाट त्यातून नसावी. कर्मचाऱ्यांच्या जाळ्याचा शब्द भिंतीवर लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच टांगणे होय. जेथे टेबल हलत नाही, तेथील संगणक तारेनेच जोडावा. तेवढीच हवा इतरांसाठी मोकळी राहते.

भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्यात येत आहेत. परंतु दारापर्यंत आलेले पाणी घरात कसे खेळवावे, हे घरधन्यानेच ठरवावयाचे असते. कोणते यंत्र कोठे आहे, त्याची वाहिनी कोणती आणि देखभाल कोणाकडे, याची एक पानी नोंद नकाशासह कार्यालयात असावी. अधिकारी बदलून जातात. नोंद मागे राहते. खर्चाच्या मागणीवर सही होण्यापूर्वी अधिकाऱ्याने, मुख्याध्यापकाने वा सरपंचाने एवढेच विचारावे : नकाशा कोठे आहे? या एका प्रश्नाने अनाठायी खर्च वाचेल आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला त्याच दिवशी दाखला घेऊन घरी जाता येईल.