विद्वत्सभेचें दार आणि जामखेडची वाट



नामांकित डॉक्टरांची निवड झाली, मानपत्रें वाटलीं, कीं वैद्यकाच्या विद्वत्सभेचें काम आटोपलें, असा आपल्याकडे समज आहे. दिल्लीची वैद्यक-अकादमी १९६१ सालीं स्थापन झाली आणि १९७६ सालीं तिच्या नांवांत ‘राष्ट्रीय’ हा शब्द आला. त्या शब्दानें तिच्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार आज करावयाचा आहे.

पॅरिसची वैद्यक-अकादमी अठराव्या लुईनें १८२० सालीं स्थापिली, ती मुख्यतः सार्वजनिक आरोग्य आणि साथी यांविषयीं सरकारच्या प्रश्नांस उत्तरें देण्यासाठीं. याच सभेनें १८७३ सालीं पाश्चर यास आपल्यांत घेतलें. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ; वैद्यकाची पदवी त्याच्यापाशीं नव्हती. पण रोगजंतूंसंबंधीं सांगण्यासारखें पुष्कळ होतें! कित्येक धन्वंतरींस तें रुचलें नाहीं, ही गोष्ट निराळी.

पदवी नसलेल्याच्या ज्ञानाचा हाच प्रश्न आमच्या नगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, पुढें उभा राहिला. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० सालीं जामखेडला आलें. त्यापूर्वीं त्यांनीं याच जिल्ह्यांत वडाळ्याच्या रुग्णालयांत काम केलें होतें. रोगी बरा होऊन घरीं जातो आणि त्याच दुखण्यानें परत येतो, हें त्यांस तेथें उमगलें होतें. जामखेडला त्यांनीं गांवोगांवच्या बायांना हाताशीं धरलें. त्यांतील पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित. गरोदर स्त्रीची तपासणी, बाळंतपण, मुलांचीं वजनें, हगवणीवर मीठ-साखरेचें पाणी, एवढें त्या शिकल्या. संस्थेच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं त्या गांवांत हजार जन्मांमागें १७६ अर्भकें दगावत. १९७६ सालीं तो आंकडा ५२ वर आला. आरोळे पति-पत्नींस १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

अक्षरशून्य बाईच्या हातीं उपचार द्यावेत काय, ही शंका डॉक्टर घेतात. ती शंका मला मूर्खपणाची वाटत नाहीं. चुकीच्या उपचारानें माणूस मरतो. पण तिचा निवाडा कोणीं करावा? डॉक्टरांना आपल्या धंद्याची चिंता, सरकारला स्वस्त योजनेचा मोह. दोहोंपासून अलिप्त राहून पुरावा तपासणें हें अकादमीचें काम होय. आणि खेड्यांतील पुरावा कांटेकोर असूं शकतो. गडचिरोलींत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं गांवच्या स्त्रियांकडून घरींच नवजात बालकांची शुश्रूषा करविली. तुलनेसाठीं निराळीं गांवें ठेवून काढलेले त्यांचे निष्कर्ष १९९९ सालीं ‘लॅन्सेट’नें छापले.

अशी तपासणी नसली म्हणजे अनुकरण वरवरचें होतें. सरकारनें १९७७ सालीं देशभर गांवपातळीवरील आरोग्यसेवक नेमले. शिक्षण तीन महिन्यांचें, आणि निवड बहुधा पुरुषांची. २००५ पासून ‘आशा’ म्हणून स्त्रिया आल्या, ही मोठीच सुधारणा. तथापि जामखेडला गुण कशाचा आला? शिकवणीचा, पाठीशीं असलेल्या रुग्णालयाचा, कीं शुद्ध पाण्याचा? तेथें शिक्षण तीन महिन्यांनीं संपत नसे. त्या बाया पुनः पुनः केंद्रावर जमत, आपापल्या गांवच्या रोग्यांची हकीगत सांगत, आणि डॉक्टर ती बसून ऐकत.