महाश्वेतादीदींना जोहार
(शोकसभेत केलेलं भाषण)



28 जुलैला कोलकात्यात महाश्वेता देवी गेल्या. नव्वद वर्षांच्या होत्या. बरेच दिवस आजारी होत्या, शेवटचे दोन महिने दवाखान्यातच गेले. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हे नाव आजच ऐकलं असेल. बाई बंगालच्या, लिहिणार बंगालीत. मग आवणी टाकून आपण इथं का बसलो, असं कुणी विचारलं तर विचारणं बरोबरच आहे.

बिरसा मुंडावर त्यांनी पुस्तक लिहिलं, 'अरण्येर अधिकार'. 1979 साली त्याला साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालं. हिंदीत त्याचं नाव आहे 'जंगल के दावेदार'. आता दावेदार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको! 2006 चा कायदा आला तेव्हापासून आपण दावेदारच आहोत. मोजणी झाली, पंचनामा झाला, तरी फाईल परत येते, पुरावा कमी म्हणून. मुंडांचंही तेच झालं होतं. जंगल साफ करून जमीन त्यांच्या वाडवडलांनी केली, आणि कागद झाला जमीनदाराचा. बिरसा 9 जून 1900 ला रांचीच्या तुरुंगात मेला. मुंडांच्या जमिनी राखणारा कायदा झाला 1908 मध्ये.

पण दीदींचं मोठेपण आम्ही नुसत्या पुस्तकात मानत नाही. त्यांनी लोकांच्या तोंडच्या बोलण्याला किंमत दिली. 1956 साली झाशीच्या राणीवर पहिलं पुस्तक आलं, त्यासाठी त्या बुंदेलखंडात हिंडल्या, लोकांची गाणी, म्हाताऱ्यांच्या गोष्टी गोळा केल्या. पुढं वडिलांचं 'वर्तिका' नावाचं त्रैमासिक हातात आलं. त्यात त्यांनी शेतमजूर, रिक्षावाले, आदिवासी यांना स्वतःचं लिहायला लावलं. मोठ्या लेखकांना असं सुचत नाही फारसं. ज्ञानपीठ, मॅगसेसे हे सगळं मिळालं, पण आम्हाला विचाराल तर हे त्रैमासिक त्याहून वरचढ.

पुरुलियात खेडिया शबर म्हणून जमात आहे. इंग्रजांनी चोर ठरवलेली, आपल्याकडच्या पारध्यांसारखी. 1998 साली बुधन शबर हा तरुण पोलीस कोठडीत मेला. पोलीस म्हणाले, गळफास घेतला. दीदी आणि शबरांची समिती हायकोर्टात गेली. कोर्टानं पोलिसांचं म्हणणं मानलं नाही, बुधनच्या बायकोला भरपाई द्यायला लावली. त्याच साली दीदी, गणेश देवी आणि आपले 'उचल्या'वाले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून भटक्या-विमुक्तांसाठी देशभर काम उभं केलं. शबर त्यांना आई म्हणायचे.

आता आपलं. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरायचा, असं वनहक्काच्या नियमातच आहे. साहेब काही म्हणोत. दावेदाराचा स्वतःचा नाही, गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचा लागतो. आणि त्याच्या जोडीला आणखी एक तरी पुरावा पाहिजे. आपल्या गावांतली ही माणसं दरवर्षी कमी होताहेत. कुणी कुठली झाडी तोडली, खाचर कधी केलं, दंड कुणी घेतला, कोंबडी कुणी नेली, हे त्यांनाच ठाऊक. आवणी उरकली की प्रत्येक पाड्यावरच्या लिहित्या पोरापोरींनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसायचं. सांगतील तसंच, आपल्या बोलीत उतरवायचं, खाली अंगठा, दोन साक्षीदार. त्यातलं निवडक या पत्रकात छापू.

'जंगल के दावेदार'ची एक प्रत कचेरीत आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुढच्या बैठकीपासून रात्री जेवणानंतर वाचून दाखवू.