छोट्या संगणकाची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असूस या कंपनीने ‘ई पीसी ७०१’ नावाचा एक छोटा लॅपटॉप बाजारात आणला. पडदा सात इंचांचा, वजन किलोभराहूनही थोडे कमी, रॅम ५१२ एमबी आणि फिरत्या हार्ड डिस्कऐवजी ४ जीबीची फ्लॅश मेमरी. अमेरिकेत त्याची किंमत ३९९ डॉलर होती. शबनम पिशवीत सहज मावेल, गाडीत मांडीवर ठेवून ज्यावर पत्र किंवा अहवाल लिहिता येईल, असे हे यंत्र होते. प्रवासी माणसाला परवडणारा संगणक ही कल्पना त्या दिवसापासून प्रत्यक्षात आली असे म्हणावयास हरकत नाही.

या यंत्राबरोबर विंडोज नव्हती, लिनक्स होती. याचे कारण तत्त्वनिष्ठा नव्हे, हिशेब. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००७ मध्ये सर्वसाधारण ग्राहकांसाठी आणलेल्या व्हिस्टा या प्रणालीस तिच्या सर्वांत साध्या आवृत्तीतसुद्धा डिस्कवर १५ जीबी मोकळी जागा लागे. या यंत्रात मुळात जागाच ४ जीबी. शिवाय इतक्या स्वस्त यंत्रावर परवान्याचे शुल्क बसवले तर त्याचा स्वस्तपणा संपतो. सॉफ्टवेअरची एक अधिक प्रत काढण्यास उत्पादकास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तरीही प्रत्येक प्रतीमागे जी किंमत घेतली जाते, तिला अर्थशास्त्राच्या भाषेत मक्तेदारीचे भाडेच म्हटले पाहिजे. असूसने हे भाडे वाचवले आणि ज्या प्रणालीवर कोणाचेही भाडे नाही ती घेतली.

ती प्रणाली कोणी बांधली होती? अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आला. या परवान्याची रीत गावविहिरीसारखी आहे. पाणी भरण्यास कोणासही मज्जाव नाही. मात्र ज्याने विहीर खोल करून पुढे पाणी वाटले, त्याला त्या खोदाईभोवती स्वतःचे कुंपण घालता येत नाही. जगभरच्या हजारो माणसांनी, कोणी पगारी तर कोणी बिनपगारी, केलेले काम असे साठत गेले आणि एका खाजगी कंपनीच्या स्वस्त यंत्राचा पाया बनले.

त्याच सुमारास मुलांसाठीचा स्वस्त लॅपटॉपही आकाराला येत होता. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या अमेरिकन योजनेस भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरातच्या धनगरवाड्यावरील शाळेत ही यंत्रे आली. तीही लिनक्सवरच चालत होती. मे २००८ मध्ये त्याच यंत्रावर विंडोज एक्सपी बसवण्याचा करार जाहीर झाला, यावरून वारे कोणत्या दिशेने फिरले होते ते कळते.

कारण मक्तेदाराला धोका दिसला होता. एक्सपीची सर्वसाधारण विक्री ३० जून २००८ रोजी थांबावयाची होती. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने छोट्या, स्वस्त संगणकांसाठी एक्सपीला अपवाद म्हणून मुदतवाढ दिली. ज्या प्रणालीला कंपनी स्वतः निवृत्त करीत होती, तीच लिनक्सची वाट अडवण्यासाठी पुन्हा कामावर बोलावली गेली. मात्र सवलतीला अटी होत्या: रॅम १ जीबीहून जास्त नको, पडदाही ठरावीक मापाहून मोठा नको. म्हणजे स्वस्त यंत्राने स्वस्तच राहावे, महागड्या यंत्राचा बाजार बिघडवू नये. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ ची जी ‘स्टार्टर’ आवृत्ती अशा यंत्रांवर आली, तिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा मालकास बदलता येत नसे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर स्वतःच्या मुलाचा फोटो लावण्यास मनाई, याहून मालकीच्या प्रश्नाचे बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. २०१३ च्या आरंभी या वर्गाच्या यंत्रांचे उत्पादन जवळजवळ थांबले.

परंतु सारा दोष एकट्या मक्तेदारावर टाकून मोकळे होणे ही आत्मवंचना ठरेल. एमएसआय या दुसऱ्या तैवानी कंपनीच्या एका अधिकाऱ्याने २००८ मध्येच सांगितले होते की, लिनक्सची यंत्रे परत येण्याचे प्रमाण विंडोजच्या यंत्रांच्या किमान चौपट आहे. लोक ती का परत करीत होते? उत्तर बरेचसे मांडणीत आहे. ई पीसीवरील मूळ लिनक्सची रचना अशी होती की मूळ प्रणाली एका बंद कप्प्यात आणि मालकाने केलेले बदल दुसऱ्या कप्प्यात राहत. बिघाड झाल्यास एक कळ दाबून यंत्र पहिल्या अवस्थेत येई, ही सोय खरी. पण सुरक्षेसाठी जेवढ्या सुधारणा येत त्या दुसऱ्या कप्प्यात भरत. जुन्या फाइली पहिल्या कप्प्यात तशाच जागा अडवून बसत. चार जीबीचे यंत्र अशाने लवकरच तुडुंब भरे. पुढच्या काही नमुन्यांत इंटेलच्या नावाने विकला जाणारा जीएमए ५०० हा चित्रविभाग बसवला गेला, त्याची मूळ रचना दुसऱ्या कंपनीकडून परवान्याने घेतलेली होती आणि तिची माहिती खुली नव्हती. लिनक्सवर तो वर्षानुवर्षे रखडत चालला. कंपन्यांनी सामुदायिक श्रमाचे फळ फुकट उचलले आणि देखभालीची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही. ग्राहकाने यंत्र परत केले यात नवल ते काय?

हा जुना इतिहास आज उकरण्याचे कारण ताजे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य संपले. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप लागते, ४ जीबी रॅम लागते, आणि नऊ इंचांहून लहान पडदा तर तिला मान्यच नाही. चांगल्या चालत्या यंत्रांवर ती निकामी असल्याचा शिक्का एका तारखेने बसतो. पक्षाच्या शाखांमध्ये, वाचनालयांत, शिक्षकांच्या घरी अशी यंत्रे कपाटात पडून असतील. ती भंगारात देण्यापूर्वी त्यांवर लिनक्स बसवून पाहणे हे काम कठीण नाही. पण ते धीराने करावे लागते.

छोट्या प्रवासी यंत्रास सीडीची खाच नसते, म्हणून प्रणाली पेन ड्राइव्हवरून चढवावी लागते. येथे पहिली चूक हमखास होते. उतरवून घेतलेली फाइल नुसती पेन ड्राइव्हवर ठेवून भागत नाही. ती त्यावर जशीच्या तशी उमटवावी लागते. लिनक्समध्ये यासाठी ‘डीडी’ ही आज्ञा आहे. ती विचारपूस करीत नाही. पेन ड्राइव्हच्या जागी चुकून हार्ड डिस्कचे नाव लिहिले गेले तर ती पुसून टाकते. नाव दोनदा वाचावे, आणि शक्यतो शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावे. यंत्र सुरू होताना ई पीसीवर एस्केपची कळ दाबली की कोठून सुरू व्हावयाचे ते विचारले जाते.

लगेच इन्स्टॉल करू नये. पेन ड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून वायफाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटल्यावर यंत्र झोपते आणि उघडल्यावर जागे होते का, एवढे पाहावे. प्रवासात शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या यंत्रात घड्याळाची बारीक बॅटरी मेलेली असते. यंत्राला वाटते की अजून कितीतरी जुने साल चालू आहे. मग सुरक्षित संकेतस्थळे त्याला प्रवेश नाकारतात आणि बिचाऱ्या वायफायला दोष दिला जातो. आधी तारीख दुरुस्त करावी.

कोणती लिनक्स घ्यावी? ३२-बिट प्रोसेसरच्या यंत्रांसाठी डेबियनवर आधारलेली अँटिएक्स ही प्रणाली विचारात घेण्याजोगी आहे. २५६ एमबी रॅमवरही ती उभी राहते. ती स्वतःला अभिमानाने फॅसिझमविरोधी म्हणवते. २०१७ च्या आवृत्तीस शार्लट्सव्हिल येथे वर्णद्वेष्ट्याने मारलेल्या हेदर हायर हिचे नाव आहे. २०१९ च्या आवृत्तीस रिओमध्ये गोळ्या घालून मारलेल्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांचे. आणि २०२३ च्या आवृत्तीस १९२१ मधील इटालियन फॅसिझमविरोधी पथकांचे. नावामुळे यंत्र वेगाने चालत नाही हे खरे, पण कार्यकर्त्याला आपल्या घरात आल्यासारखे वाटले तर बिघडत नाही.

चार जीबीच्या यंत्रात तिची पूर्ण आवृत्ती मावत नाही. तेथे मूळ गाभा तेवढा चढवून लागेल तेवढीच सामग्री जोडावी, किंवा प्रणाली एसडी कार्डावर ठेवावी. फ्लॅश मेमरी वारंवार लिहिल्याने झिजते, म्हणून तिच्यावर स्वॅपचा विभाग ठेवू नये आणि फाइल नुसती वाचली तरी वेळ नोंदवण्याची सवय ‘नोएटाइम’ या पर्यायाने बंद करावी. सात इंची पडद्यावर आणखी एक गंमत होते. खिडकी पडद्यापेक्षा उंच निघते आणि ‘ओके’चे बटन खाली जमिनीत गाडले जाते. ऑल्टची कळ दाबून धरावी आणि माऊसने खिडकीच वर ओढावी. एवढे न समजल्यामुळे कित्येकांनी लिनक्स सोडली असेल!

मराठीची अडचण आता फारशी राहिलेली नाही. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर मराठीत चालतो. लोहित फाँटच्या काही मूळ अक्षराकृती पुण्यात घडल्या आणि रेड हॅटने त्या मुक्त परवान्याखाली खुल्या केल्या. कळफलक इन्स्क्रिप्टचा निवडला की ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतील ‘ऱ’ इंग्रजी जे च्या कळीवर, शिफ्टसह मिळतो. सभासदांच्या याद्या यंत्रात असतील तर तो विभाग सांकेतिक करून ठेवावा. गाडीत पिशवी विसरण्याचा प्रसंग कोणावरही येतो. जुन्या प्रोसेसरवर त्याने वेग काहीसा घटतो, म्हणून सबंध डिस्कऐवजी कागदपत्रांचाच विभाग कुलूपबंद करणे सोयीचे. परवलीचा शब्द विसरला तर मात्र ती यादी कोणीही परत आणून देऊ शकत नाही.

वायफायच्या प्रश्नात एक जुना वैचारिक वाद दडलेला आहे. बऱ्याच वायफाय कार्डांना कंपनीने दिलेला बंद संकेत, म्हणजे फर्मवेअर, चढवल्याशिवाय चालता येत नाही. डेबियनने आपल्या १९९७ च्या सामाजिक करारानुसार असा बंद माल मुख्य इन्स्टॉलरमध्ये वर्षानुवर्षे घेतला नाही. परिणामी नवख्या माणसाचे यंत्र नेटवर जाईना, आणि नेटवर गेल्याशिवाय फर्मवेअर मिळेना. २०२२ मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान घेऊन करारात दुरुस्ती केली आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्ये आले. शुद्धतावाद्यांना ही तडजोड खुपली. पण जो निर्णय मतदानाने होतो, जाहीर चर्चेनंतर होतो आणि ज्याचा पर्याय बंद करण्याची मुभा प्रत्येकास राहते, त्यास शरणागती म्हणणे अन्यायाचे आहे. समाजवादी चळवळीला अशा मतदानांचा अनुभव पुरेसा आहे. हरलेल्या बाजूने वेगळी चूल मांडण्याचाही.

केरळने शाळांत जे केले ते येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे शालेय संगणक शिक्षणाची सुरुवात विंडोजवर झाली, शिक्षक आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी त्यास आक्षेप घेतला, आणि पुढच्या काही वर्षांत दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा मुक्त प्रणालीवर होऊ लागली. हे यंत्रे वाटून साधले नाही. शिक्षकांना इन्स्टॉल करणे आणि दुरुस्त करणे शिकवले गेले. शाळेत यंत्र अडले तर शाळेतलाच माणूस उठे. ई पीसीच्या ग्राहकापाशी नेमका हाच माणूस नव्हता. एखाद्या जिल्ह्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घेतले तर बाकीच्यांनी ‘डीडी’ शिकलेच पाहिजे असे नाही.

मर्यादाही सांगितली पाहिजे. ३२-बिट यंत्रांची साथ मुक्त प्रकल्पही एकेक करून सोडीत आहेत. गूगल क्रोमने लिनक्सवरील ३२-बिट आवृत्ती २०१६ मध्ये थांबवली. तिचा प्रश्न वेगळा, ती व्यापारी कंपनी. पण फायरफॉक्सची १४४ ही २०२५ मधील आवृत्ती ३२-बिट लिनक्ससाठी शेवटची ठरली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. येथे कोणी भाडे वाढवण्यासाठी दार लावलेले नाही. जुन्या यंत्रांवर चाचण्या घेणारे हात कमी पडले. विहीर सार्वजनिक असली तरी गाळ काढणारे लागतातच. डेबियन १२ चे दीर्घकालीन साहाय्य जून २०२८ पर्यंत ठरलेले आहे. तोवर अशा यंत्रावर टपाल पाहता येईल, साध्या पानांचे वाचन होईल. जड संकेतस्थळे ५१२ एमबीत आजच नीट उघडत नाहीत. त्यापुढे त्याचा इंटरनेटशी संबंध तोडावा आणि केवळ लेखनासाठी ते वापरावे. ६४-बिट प्रोसेसर असलेल्या, २ जीबी किंवा अधिक रॅमच्या छोट्या लॅपटॉपना ही मुदत लागू नाही. कपाटातील यंत्रांपैकी कोणते कोणत्या जातीचे आहे हे पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की एका मिनिटात कळते.