सरकारी नोकराची तक्रार आणि तिचे अपील



वैशाखातल्या संध्याकाळी कायद्याचे व्याख्यान ऐकायला एवढी मंडळी जमली, याचे श्रेय मी माझ्याकडे घेत नाही. एप्रिल आणि मे हा सरकारी कचेऱ्यांत बदल्यांचा हंगाम आहे, आणि नगरसारख्या जिल्ह्याच्या गावी घरटी नाही तरी आळीत एखादा सरकारी नोकर असतोच.

विषय नवा नाही. १८८८ साली मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याची चौकशी झाली. आपला नगर जिल्हा त्याच विभागात होता. बढतीसाठी आणि गैरसोयीची बदली टाळण्यासाठी साहेबाच्या माणसांना पैसे मोजावे लागले, अशा साक्षी मामलेदारांनी दिल्या. साक्ष दिल्यास तुमच्या केसाला धक्का लागणार नाही, असे अभय मुंबई सरकारने त्यांना दिले होते. पुढे काय झाले? आयोगाने लाचेचा आरोप मान्य केला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र दोष दिला आणि साहेब नोकरीतून गेला. मग विलायतेत ओरड झाली, आणि ज्यांनी अभयावर विसंबून तोंड उघडले त्या मामलेदारांपैकी काहींना घरी बसावे लागले. टिळकांनी त्यांची बाजू ‘केसरी’तून लढविली आणि १८८९ मध्ये पुण्यास त्यांच्यासाठी जाहीर सभा भरली. त्या मामलेदारांनी पैसे दिले होते, ते काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण शिक्षा झाली ती पैसे दिल्यावर नव्हे, सांगितल्यावर झाली. माझ्या आजच्या विषयाचे मूळ तिथे आहे.

आता आजच्या काळात या. समजा, अकोले तालुक्यातल्या एका कचेरीत एक लिपिक बाई आहेत. जातीमुळे आपल्याला बढतीत डावलले असे त्यांना वाटले आणि त्यांनी तसा लेखी अर्ज वरिष्ठांकडे दिला. राज्यघटनेचा सोळावा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास या कारणांवरून सरकारी नोकरीत भेद करण्यास मनाई करतो. म्हणजे अर्ज रास्तच होता. तीन आठवड्यांत बाईंची बदली जामखेडला झाली. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा जिल्हा आपला. बदली जिल्ह्यातल्या जिल्ह्यात झाली असे कागदावर म्हणता येते, पण कळसूबाईच्या पायथ्याकडून बीडच्या हद्दीवर! मुलांची शाळा, सासूबाईंचे औषधपाणी, सगळे विस्कटले. मागाहून कारणे दाखवा नोटीस आली आणि शेवटी एक वेतनवाढ रोखल्याचा आदेश आला. ‘तक्रार तथ्यहीन’ म्हणून मूळ अर्जही निकाली निघाला.

बाई चिडून एकच लांबलचक अर्ज लिहितात आणि सगळीकडे पाठवितात. वकिली करताना मी पाहिलेली सर्वांत साधी चूक ती हीच. हाती आलेले कागद वेगळे आहेत आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत.

वेतनवाढ रोखणे ही १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांखालची शिक्षा आहे. तिच्यावर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील चालते. आदेश हातात पडल्यापासून पंचेचाळीस दिवसांत. उशीर झालाच तर तो का झाला ते पुराव्यासह सांगावे लागते. अपील सहा महिने अनिर्णित राहिले तर प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि अंतिम निकाल लागला असेल तर तेथून एका वर्षाच्या आत जावे लागते. पुष्कळांची समजूत असते की विनंतीअर्जावर विनंतीअर्ज देत राहिले की मुदत जिवंत राहते. ती राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोड यांच्या खटल्यात १९८९ मध्येच हे स्पष्ट केले आहे.

बदली ही नियमांच्या भाषेत शिक्षा नाही. म्हणूनच शिक्षा करू इच्छिणाऱ्याला ती फार सोयीची वाटते. या सोयीला लगाम घालणारा कायदा महाराष्ट्राने २००५ साली केला, आणि त्यामागे आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता, हे नगरकरांनी विसरू नये. साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या एरवी एप्रिल-मे महिन्यांतच, आणि मुदतीआधी हलवायचे तर विशेष कारण लेखी नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी, असे तो कायदा सांगतो. सोमेश तिवारी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले की शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा होय. तेव्हा बाईंनी माहितीच्या अधिकाराखाली बदलीच्या फायलीतील टिपणी मागवावी. कारण नोंदलेले नसेल, किंवा मंजुरी मागाहून चिकटविलेली असेल, तर अर्धी लढाई तिथेच होते. नव्या जागी रुजू होण्याआधी सल्ला घ्यावा. स्थगिती मागायची असेल तर दिवस मोजून असतात.

सूड होता हे सिद्ध कसे करायचे? येथे मी थोडा सावध आहे. ‘साहेबांचा माझ्यावर डोळा होता’ असे लिहिणे सोपे असते. १९७४ च्या रोयप्पा खटल्यात मनमानी आणि समता यांचे वैर आहे हे थोर तत्त्व न्यायालयाने सांगितले, परंतु स्वतः रोयप्पा हरले. दुष्ट हेतूचा आरोप त्यांना शाबीत करता आला नाही. असा आरोप करायचा तर त्या अधिकाऱ्याला नावाने पक्षकार करावे लागते, त्याला उत्तराची संधी द्यावी लागते. माझा कल तारखांकडे असतो. तक्रारीच्या प्रतीवरचा आवक क्रमांक, बदलीची तारीख, नोटिशीची तारीख, आणि त्याआधीच्या गोपनीय अहवालांत कामाबद्दल काय शेरे होते, हे एका कागदावर ओळीने मांडा. दहा वर्षे चांगले काम करणारी व्यक्ती तक्रारीनंतर तीन आठवड्यांत एकाएकी नालायक कशी ठरली, हा प्रश्न तो कागद आपण होऊन विचारतो. आणि कृपा करून आमदाराची चिठ्ठी जोडू नका. बाहेरचे वजन आणणे हा वर्तणूक नियमांचा भंग आहे, आणि समोरच्याला तुम्ही फुकटचे हत्यार देता.

तक्रार लैंगिक छळाची असेल तर २०१३ चा कायदा लागतो. अंतर्गत समितीच्या शिफारशींवर नव्वद दिवसांत अपील करता येते. तेथे पंचेचाळीस दिवसांचा हिशेब घेऊन बसू नये.

नगरकरांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जावे लागते. १९९७ च्या चंद्रकुमार निकालानंतर न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपुढे दाद मागता येते, आणि तेही खंडपीठ त्याच शहरात आहे. जिल्हा परिषदेच्या नोकरांची वाट मात्र निराळी. त्यांना १९६४ चे वेगळे शिस्त व अपील नियम आहेत, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या शिक्षेवर अपील नाशिकला विभागीय आयुक्तांकडे जाते, आणि त्यांचे प्रकरण न्यायाधिकरणात चालत नाही. शिक्षक मंडळी समोर बरीच दिसतात म्हणून मुद्दाम सांगितले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी आधी आपला आदेश कोणत्या तारखेला हातात पडला तेवढे सांगावे. बाकीचे मी विचारून घेईन.