मानवी हक्कांचे शिक्षण : आपण काय करू शकतो?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)





मानवी हक्क हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, हा दिल्ली-मुंबईच्या मोठ्या लोकांचा विषय आहे. वर्तमानपत्रात १० डिसेंबरला एखादी बातमी येते, कुठेतरी परिसंवाद होतो आणि विषय संपतो. आपल्याला मुलाची फी भरायची असते, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा असतो, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारायच्या असतात. त्यात मानवी हक्कांना सवड कुठली?

मी म्हणतो, या चकरा हाच मानवी हक्कांचा विषय आहे. दाखला वेळेत मिळणे, शाळेत शिक्षक असणे, दवाखान्यात औषध मिळणे, पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली जाणे ही कुणाची मेहेरबानी नव्हे. मात्र तो हक्क आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो मेहेरबानी म्हणूनच मागावा लागतो. यासाठी शिक्षण हवे.

संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात "सर्व माणसे" या अर्थाने जो इंग्रजी शब्द होता, त्याचा अर्थ "सर्व पुरुष" असाही होत असे. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी त्यावर हरकत घेतली आणि स्त्रीपुरुष दोघांनाही सामावून घेणारा शब्द तिथे घालायला लावला. त्याच सुमारास, १९४७ साली, स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून बेगम शरीफा हमीद अली काम करत होत्या. हा जाहीरनामा परक्यांनी लिहून आपल्यावर लादला, असे कुणी म्हणाले तर त्याला ही दोन नावे सांगा. आमच्या मुलींनी तर ती पाठच करावीत.

आता दूरचे सोडून आपल्या जिल्ह्याकडे वळू.

मोहाडी तालुक्यातील खैरलांजी हे गाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी घडलेल्या प्रकारामुळे. भोतमांगे कुटुंबातील सुरेखा, तिची मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे अशा चौघांची गावच्या जमावाने हत्या केली. नवरा भैय्यालाल तेवढा वाचला. दलित कुटुंब, थोडी शेती, त्या शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद ही पार्श्वभूमी होती. पण आज मला तुमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे वेधायचे आहे. त्या महिन्याच्या सुरुवातीला एका माणसाला मारहाण झाली होती. मारणारे कोण, हे सुरेखाबाईंनी पोलिसांना सांगितले होते. आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हा प्रकार घडला. म्हणजे एका बाईने डोळ्यांनी पाहिले ते खरे सांगितले आणि त्याची किंमत साऱ्या घराने मोजली.

पुढे राज्यभर मोर्चे निघाले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांनी लागू धरला नाही. त्यावर जाणत्यांनी खूप टीका केली. भैय्यालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले.

पालकहो, गाव काही ओस पडलेले नव्हते. माणसे घरात होती. दारे बंद होती. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात, शेजाऱ्यावर अशी वेळ आली तर आपले दार उघडेल का? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो. आपल्या समाजावर अन्याय झाला की इतर लोक गप्प का बसतात, अशी तक्रार आपण करतो, आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण जो आपल्याच माणसापुरता हक्क मागतो, तो खरे तर सवलत मागत असतो. शेजाऱ्यासाठी मागतो तेव्हा त्याला हक्क म्हणायचे. न्यायाची साक्ष देताना ती स्वतःच्या, आईबापांच्या वा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी मागे हटू नका, अशी शिकवण आपल्याला कुरआनने दिली आहे. ती शिकवण केवळ मदरशाच्या वर्गात राहून चालणार नाही. ती पंचायतीत, पोलीस ठाण्यात आणि कोर्टातही दिसली पाहिजे.

आपल्यासाठी दुसरे उभे राहिले आहेत, हेही विसरू नका. कोल्हापुरात १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली, बोर्डिंग निघाले, त्यामागे शाहू छत्रपती होते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत. दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणासाठी झटण्याची ही महाराष्ट्राची परंपरा आहे. त्या ऋणातून उतराई व्हायचे तर आपणही दुसऱ्यासाठी उभे राहिले पाहिजे.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, अर्ज लिहायला शिका. आमची मुले निबंध सुरेख लिहितात, पण ग्रामसेवकाला किंवा तहसीलदाराला चार ओळींचा अर्ज लिहायची वेळ आली की अर्जनवीस शोधतात. माहितीचा अधिकार २००५ साली मिळाला. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही माफ, आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक. उत्तर आले नाही तर अपील करता येते. २०१५ साली राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्यामुळे अधिसूचित केलेले दाखले किती दिवसांत द्यायचे हे ठरलेले आहे. नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून एक खराखुरा अर्ज लिहावा, त्याची पोच घ्यावी आणि उत्तर आल्यावर वर्गात वाचून दाखवावे. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

हे किती महत्त्वाचे आहे ते बघा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा तान्ही बाळे दगावली, सात वाचवली गेली. चौकशी झाली, काहींवर कारवाई झाली, राज्यातल्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. हे सारे नंतर झाले. आग विझवण्याची व्यवस्था आहे का, तिची तपासणी शेवटची कधी झाली, हे आधी विचारायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. अर्जाने आग विझत नाही हे मला कळते. पण विचारणारे आहेत हे माहीत असले की अधिकारी कागद तपासून ठेवतो, आणि कागद तपासताना कधीतरी यंत्रही तपासले जाते. आपल्या शाळेपासूनच सुरुवात करा. आपल्या शाळेतले अग्निशामक नळकांडे शेवटचे कधी भरले, हे मुलांनी मुख्याध्यापकांना विचारावे, आणि मुख्याध्यापकांनी रागावू नये.

दुसरी गोष्ट, मिळालेली जागा सोडू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. आपली कितीतरी मुले या शाळांत शिकतात. त्या समितीच्या बैठकीला आपल्यापैकी किती माता जातात? बैठकीच्या वहीवर घरी आलेल्या शिपायासमोर सही करणे म्हणजे बैठकीला जाणे नव्हे.

आपल्या जिल्ह्यात विड्या वळून मुले शिकवणाऱ्या बायाही पुष्कळ आहेत. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी झाला, त्यातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण जिच्या नावाचे कार्डच नव्हते, तिच्या हाती काही आले नाही. काम तिचे आणि कार्डावर नाव दुसऱ्याचे, असे जिथे झाले तिथे मुलांची शिष्यवृत्ती बुडाली. कागदावर आपले नाव असणे ही हक्काची पहिली पायरी आहे. ज्या मुलाला वाचता येते त्याने आईचा कागद आधी वाचावा.

तिसरी गोष्ट पैशाची. कुठलेही काम वर्गणीशिवाय होत नाही. खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्यांनी दिलेल्या मूठमूठ धान्यावर रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे चालली, आणि लक्ष्मीबाई पाटलांनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. थोड्यांच्या मोठ्या देणगीपेक्षा पुष्कळांची छोटी वर्गणी चांगली. एकाच धनिकावर चालणारे काम त्या धनिकाविरुद्ध बोलू शकत नाही. शंभर घरांच्या दहा-दहा रुपयांवर चालणारे काम कुणालाही प्रश्न विचारू शकते.

मात्र वर्गणी घेणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. पावती दिल्याशिवाय रुपयाही घेऊ नये, आणि ज्या कामासाठी पैसा घेतला त्याच कामाला तो लावावा. जकातीचा पैसा कुणाला द्यायचा याचे नियम ठरलेले आहेत. तो इमारतीच्या निधीत मिसळू नये, त्याची वही वेगळी असावी. सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. पण तेवढ्यावर थांबू नये. वर्षाचा जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लावावा. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि आपली संस्था त्याच हक्कावर उभी आहे. परंतु चालवण्याचा हक्क म्हणजे गैरकारभार करण्याचा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच केरळच्या शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. सरकारला हिशेब मागणाऱ्याने आधी आपला हिशेब उघडा ठेवावा.

चौथी गोष्ट घरातली आहे. ती काहींना कडू लागेल. बाहेर हक्कांची भाषा बोलणारा बाप घरात मुलीची शाळा आठवीत थांबवत असेल, तर त्याचे भाषण मुलीला पटणार नाही. अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न लावणे कायद्याने गुन्हा आहे. बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा शरीयतने ठरवून दिलेला आहे. तरीही किती बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. "तिने राजीखुशीने दिले" असे सांगितले जाते. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला राजीखुशी म्हणता येत नाही. मानवी हक्कांचे शिक्षण या सहीपासून सुरू होते.

पाचवी गोष्ट चळवळीची. तरुण मित्रांनो, अन्याय पाहून रक्त तापते हे चांगलेच आहे. पण तापलेल्या डोक्याने अन्याय करणाऱ्याचेच काम सोपे होते. आधी तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदार लिहून ठेवा. मोबाईलवर आलेला मजकूर खरा की खोटा हे पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. एका खोट्या गोष्टीने दहा खऱ्या तक्रारी बुडतात. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला फी नाही. पीडित माणसाच्या वतीने दुसऱ्या कुणालाही ती करता येते, फक्त घटनेपासून एका वर्षाच्या आत केली पाहिजे. "पीडिताच्या वतीने दुसऱ्या कुणालाही" हे शब्द लक्षात ठेवा. शेजाऱ्यासाठी उभे राहण्याची वाट कायद्यानेच खुली ठेवलेली आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजनाही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली. सुरेखाबाईंच्या वेळी ती नव्हती. आज ती आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

मी संस्थेला एक सूचना करतो. पाच पालक, पाच शिक्षक आणि पाच विद्यार्थी यांची एक समिती करावी. त्यांत निम्म्या स्त्रिया आणि मुली असाव्यात. महिन्यातून एक रविवार शाळेचा एक वर्ग उघडा ठेवावा. जो येईल त्याला अर्ज लिहून द्यावा. येणारा कोणत्या मोहल्ल्याचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. कागद, झेरॉक्स आणि टपाल यांच्या खर्चासाठी प्रत्येक घराने महिन्याला दहा रुपये द्यावेत आणि पावती मागून घ्यावी.

१९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली होती, आणि ते हरले होते. ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांना आपण निवडून देऊ शकलो नाही. पण त्या घटनेने दिलेले हक्क आजही आपल्या हातात आहेत. ते वापरायचे की कपाटात ठेवायचे, एवढेच आपण ठरवायचे आहे.

येत्या रविवारी कोण कोण येणार, त्यांनी खाली उतरताना आपली नावे शिक्षकांकडे लिहून द्यावीत.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.