कानाची कसोटी



१९२१ च्या डिसेंबरांत स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्ड्रॉसन गांवाजवळ, एक अमेरिकन गृहस्थ तंबूंत रात्रीमागून रात्री जागत बसले होते. त्यांचें नांव पॉल गॉडली. बाहेर थंडी आणि पाऊस. खांबांवरून ओढलेली सुमारें चारशें मीटर लांबीची तार. आणि कानांवर टेलिफोन. अमेरिकेंतील हौशी बिनतारीवाल्यांचे संदेश अटलांटिक महासागर ओलांडून येतात कीं काय, एवढेंच ऐकण्यासाठीं त्यांच्या संघानें गॉडलींना धाडलें होतें. दोनशें मीटरांच्या आणि त्याहून आखूड लहरी लांबच्या दळणवळणाला कुचकामी, असें तेव्हां मानीत. म्हणून तर त्या हौशी मंडळींच्या वांट्यास आल्या होत्या! त्याच वर्षीं फेब्रुवारींत केलेला पहिला प्रयोग फसलाही होता. या खेपेस मात्र दोन डझनांहून अधिक केंद्रें ऐकूं आलीं, आणि कनेक्टिकटमधील एका केंद्राचा तर संपूर्ण संदेश गॉडलींनीं उतरून घेतला.

हौशी बिनतारीच्या आजच्या शर्यती याच कुळांतल्या. त्यांपैकीं ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही १९४८ पासूनची. ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवारीं-रविवारीं बोलण्याची आणि नोव्हेंबरच्या अखेरीस मोर्स संकेतांची, अशा तिच्या दोन फेऱ्या. आपल्या घड्याळाप्रमाणें शनिवारीं पहांटे साडेपांचला प्रारंभ आणि सोमवारीं पहांटे साडेपांचला समाप्ति. या अठ्ठेचाळीस तासांत जगांतील जास्तींत जास्त केंद्रांशीं संपर्क साधावयाचा. संभाषण म्हणाल तर तारेहूनही त्रोटक: सरकारनें दिलेलें आपलें संकेतनाम, ऐकूं येणाऱ्या आवाजाची प्रत आणि आपल्या विभागाचा आंकडा. जगाचे चाळीस विभाग पाडले आहेत, आपला बाविसावा. गुणांची रीत मौजेची आहे. दुसऱ्या खंडांतल्या केंद्राचे तीन गुण, श्रीलंकेचा एक, आणि पुण्याच्या स्नेह्याचें शून्य! त्या बेरजेला मिळालेल्या देशांच्या व विभागांच्या संख्येनें गुणावयाचें. त्यामुळें एक नवा देश सांपडला तरी साऱ्या बेरजेचें वजन वाढतें.

खिशांत मोबाइल असतां हा उपद्व्याप कशाला, असें घरोघर विचारतात. मोबाइलला दुसऱ्यांनीं बांधलेले रस्ते लागतात. येथें रस्ता आकाशांत आहे, आणि त्याला आपली गच्ची जोडण्याचें काम आपलें. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळाला कीं नवशिका प्रथम शक्तीच्या मागें लागतो, आणि तिथेंच फसतो. शंभर वॅटचे चारशें केले, तरी पलीकडच्या ग्राहकयंत्राचा कांटा सुमारें एकच घर पुढें सरकतो. त्यापेक्षां तार चार हात उंच न्यावी, सांध्यांना नीट डाख द्यावा, आणि ज्या खरखरीखालीं दूरचा आवाज बुडतो ती शोधून काढावी. यांत पैशांपेक्षां जिन्याच्या पायऱ्याच अधिक झिजतात.

मागच्या नोव्हेंबरची हकीकत सांगतों. रविवारीं सूर्योदयाच्या सुमारास ७ मेगाहर्ट्झवर ब्राझीलचें एक केंद्र अगदीं क्षीण ऐकूं येत होतें. ब्राझील माझ्या यादींत नव्हतें. सूर्य वर आला कीं वातावरणाच्या वरच्या भागांतला एक थर या लहरी शोषूं लागतो. म्हणजे हातांत फार तर दहापंधरा मिनिटें. त्या गृहस्थांनीं माझें संकेतनाम बिनचूक वाजविलें, आंकडेही दिले. परंतु त्यांच्या संकेतनामाचें शेवटचें अक्षर एस कीं एच? एसला तीन टिंबें, एचला चार. माझ्या यंत्रांत एकसारखी खरखर चालू होती. तिच्यांत तें चौथें टिंब होतें कीं नव्हतें? पुन्हां विचारलें, आणखी एकदां विचारलें. तोंवर लख्ख उजाडलें आणि आवाज विरून गेला.

ठाऊक असलेल्या संकेतनामांची यादी संगणकांत असते. तिच्यांत एसचें नांव होतें, एचचें नव्हतें. शर्यतीनंतर सर्वांच्या नोंदी परस्परांशीं ताडून पाहतात आणि चुकीला दंडही करतात. पण मला दंडाची भीति नव्हती, कारण एस असण्याचाच संभव अधिक होता. अडचण एवढीच कीं, मीं तो ऐकला नव्हता. बराच वेळ कळफलकावर हात ठेवून बसलों, आणि नोंद खोडली.

राहतां राहिली ती खरखर. माझा संशय खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडावर होता. तेथें जाऊन काय बोलावें तेंही मनांत जुळवून ठेविलें होतें. जाण्यापूर्वीं, रिवाजाप्रमाणें, यंत्र बॅटरीवर लावलें आणि आमच्याच घराची विजेची मुख्य कळ बंद केली. खरखर थांबली! मग वीज पुन्हां सुरू करून एकेक खटका लावीत गेलों. देवघराशीं येतांच ती परत आली. देव्हाऱ्यावर सोडलेल्या दिव्यांच्या माळेला वीज पुरविणारी एक छोटी डबी होती, तिचा हा प्रताप. ती माळ दिवाळीला मींच हौसेनें आणली होती.